पाणी आलं

२० नोव्हेंबर, गुरुवार

उजवं कोपर सकाळपासून गरम. काल लिंबाजीकाकाची कॅनॉलवरची मोटार खोलली, जळकी तार ओढून काढताना जोर लागला असंल. आज वाइंडिंगला, म्हणजे नवी तार भरायला, हात लावला न्हाई. धाकट्या भावानं, बालाजीनं, बाजारातून बर्फ आणून दिला, तो फडक्यात बांधून दुकानात बसून राहिलो. लिंबाजीकाका दोनदा येऊन गेला. "कधी देतो रं विष्णू?" म्हणलं, कॅनॉलला पाणी सुटायच्या आधी देतो. पाणी कधी सुटंल ते कुणालाच ठाऊक न्हाई, म्हणून तोबी गप झाला.

सु.ला माहेरी जाऊन महिना होऊन गेला. पहिलं बाळंतपण, रीतच हाय. दुकानात तिचा पाट तसाच पडलाय. त्यावर बसून ती मला कागदाच्या पट्ट्या कापून द्यायची, तारेखाली घालायच्या, आन तोंडाची टकळी चालूच. आता दुकानात नुसती माझी तार वाजते.

संध्याकाळी फोन. तिकडं घर माणसांनी भरलेलं, तिला आडोसा न्हाई. "काय चाललंय?" म्हणाली. म्हणलं, कोपरात थोडं पाणी आलंय. "मग गप बसा घरात. उगं दुकान उघडू नका." एवढंच बोलणं. तरी तिचा आवाज ऐकला की निम्मं दुखणं उतरतं.

२४ नोव्हेंबर, सोम.

कोपर उतरलं. वाइंडिंग सुरू केलं.

आज माय शेजारणीला सांगत होती, "विष्णूच्या कोपरात पाणी आलतं." ऐकून हसू आलं. आमच्या घरात रक्त हा शब्दच न्हाई. मायनं सुरू केलं ते. मी शाळेत दिवस-दिवस जायचो न्हाई, तवा ती गुरुजीला सांगायची, लेकराच्या गुडघ्यात पाणी आलंय. आत रक्त सुटतंय म्हणलं असतं तर कोण मला वर्गात बसू देणार होतं? तेच तोंडात बसलं. आता बालाजीबी पाणीच म्हणतो, सु.बी. मलासुद्धा मनातल्या मनात तेच येतं.

फॅक्टर म्हणजे रक्त गोठवायचं औषध, त्याला माय आजून ट्रॅक्टर म्हणते. "ह्याला ट्रॅक्टर लागू व्हईना," असं मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमला तोंडावर सांगितलं होतं. मॅडम हसल्या न्हाईत. खरंच होत न्हाई लागू. लहानपणी आठ नंबरचा फॅक्टर दिला की दुसऱ्या दिवशी मी अंगणात. मग अंगानं त्यालाच परकं धरलं. घरचं कुत्रं पाव्हण्यावर धावतं ना, तसं. आठ आत गेलं की अंग त्याचाच फडशा पाडतं. इन्हिबिटर म्हणतात त्याला. तवापासून आठ बाद, सात लागतं. सात सगळीकडं नसतं, आन ते दर दोन-तीन तासाला टोचावं लागतं, म्हणजे खाटेवरच मुक्काम.

२९ नोव्हेंबर, शनि.

पोरगी झाली.

गजाननचा, सु.च्या भावाचा, फोन. "दाजी, लक्ष्मी आली. दोघी बराबर हायेत." मी काय बोललो ते आठवत न्हाई. मोटारीचं झाकण हातात होतं, ते तसंच धरून उभा राहिलो.

मायला सांगितलं. "बरं झालं," म्हणली आन चुलीपाशी गेली. बराच वेळ आली न्हाई. मला ठाऊक हाय ती काय करत होती.

३० नोव्हेंबर, रवि.

फोटो आला. लाल तोंड, मुठी आवळलेल्या. कान केवढे मोठे. माझेच हायेत.

मॅडमनं लग्नाच्या आधीच नीट समजावलं होतं. बापाला हे असलं तर पोराला येत न्हाई. पोरीला मात्र बापाकडून मिळतंच. तिच्या रक्तात ते जातंच जातं. काहींना काही तकलीफ होत न्हाई, काहींचं रक्तबी थांबायला वेळ लागतो, म्हणून तपासून घ्यावं. त्याच वेळी मॅडमनी मायला विचारलं होतं, "तुम्हाला पाळीत जास्त जायचं का?" माय म्हणली, बायकांना जातंच. मग वाटेत येष्टीत मला म्हणली, "तुझ्या वक्ताला मी मरता मरता वाचले. कुणी काहून म्हणून विचारलं न्हाई."

सगळे मनातून पोराची वाट बघत होते. पोरगा झाला असता तर हे माझ्यापाशीच संपलं असतं. हे मला समजत न्हाई असं न्हाई. तरी मला पोरगीच पाहिजे होती. काहून, ते सांगता येत न्हाई. रात्रंदिवस एकच डोळ्यापुढं येतं, मी भुईला मांडी घालून बसलोय आन ती मांडीवर झोपलीय.

१ डिसेंबर, सोम.

आज मोठी गोष्ट आठवली. बारसं. बाराव्या दिवशी तिकडं कान टोचतात, सोनाराला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

माझंबी असंच कळलं होतं. बाराव्या दिवशी मामाच्या मांडीवर घेऊन सोनारानं कान टोचले. डावा कान थांबला, उजवा थांबलाच न्हाई. हळद झाली, राख झाली, कापूस झाला. माय सांगते, उशी उचलली तर खालची गोधडीबी भिजलेली. डाव्या कानाचं भोक आजून हाय, उजव्याचं बुजून गेलं.

सु.ला फोन लावला. तिच्या आजूबाजूला बायका. म्हणलं, तू नुसतं व्हय-न्हाई म्हण. बारशाला कान टोचू द्यायचे न्हाईत. आधी तपासू. "व्हय." घरच्यांना खरं सांगायचं का? "न्हाई." मग काय सांगशील? त्याला व्हय-न्हाई पुरेना. मग हळूच म्हणली, "तुमी या ना बारशाला. तुमी आलात की मी बघते."

तिच्या घरच्यांना एवढंच ठाऊक हाय की जावयाचे गुडघे अधू हायेत. सगळं मी सु.ला सांगितलं होतं, साखरपुड्याच्या आधी. घरच्यांना सांगतो म्हणलं तर तिनंच आडवलं. "माझं लग्न हाय, मी ऐकलं ते बस झालं." आता म्हणते, पोरीला नाव लागायच्या आधी रोगाचं नाव लागू देऊ नका.

जायचंच. पुढल्या बुधवारी बारसं.

३ डिसेंबर, बुध.

बारशात जावयाला पाटावर बसवतात. भुईला. लेकरू मांडीवर देतात. सगळं गाव बघत असतं. मी कधी पाटावर बसलोय? लग्नातसुद्धा मला खुर्ची दिली होती, आन तिकडच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

डावा गुडघा बराच वाकतो. उजवा अर्ध्यावर अडकतो. रोज थोडं थोडं वाकवलं तर?

दुकानाचं दार लोटून आज बसून बघितलं. पोत्याची घडी बुडाखाली. उजवा पाय हातानं ओढून आत घेतला. डोळ्यात पाणी आलं, खरं पाणी. पण थोडा वेळ राहिला तसा. लिंबाजीकाकाच्या मोटारीचा रोटर, आतला फिरता गोळा, सु.च्या जुन्या साडीत गुंडाळला आन मांडीवर घेतला. वजन लेकराएवढंच असंल. बालाजी नेमका आत आला. "दादा, मोटारीला झोपवून राहिला का काय?" हसत सुटला. मीबी हसलो. मग त्यानं रोटर उचलून बाजूला ठेवला. "नको करू रं असलं," म्हणला.

५ डिसेंबर, शुक्र.

आज कालच्यापेक्षा जास्त वाकला. मायनं बारशासाठी झबलं शिवून आणलं, पिवळं. नाव मी सुचवलंय, पूर्णा. आपल्या नदीचं. सु.ला आवडलं.

बालाजी गव्हापायी टेकीला आलाय. जमीन भेगाळली. रोज सकाळी कॅनॉलवर जाऊन येतो, कोरडा ठणठणीत. आमी दोघं वाटच बघून राहिलो, तो पाण्याची, मी बुधवारची.

६ डिसेंबर, शनि.

पाणी आलं. उजव्या गुडघ्यात. दुपारी मांडीवरून उठताना आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. मला लगेच कळतं. आधी गुदगुल्या होतात, मग गरम, मग कातडी ताणते. संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा.

माय बर्फ बांधत राहिली. शेवटी म्हणली, "तुला कुणी सांगितलतं मांडी घालायला?" म्हणलं, कुणी न्हाई. "लेकरू काय मांडी बघून बाप म्हणणार हाय?"

लेकरासाठी न्हाई, मला पाहिजे होतं ते. एवढंच.

८ डिसेंबर, सोम.

मोठा दवाखाना. बालाजीनं गाडी करून आणलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी दात आवळत होतो आन तो ड्रायव्हरला शिव्या देत होता. सात मिळालं. दर दोन-तीन तासाला सिस्टर येते. हाताच्या शिरा सापडत न्हाईत, पायाला लावलंय.

मॅडम: "पाय का वाकवला जबरदस्तीनं?" सांगितलं. खरं तेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "किती दिवसांची आहे?" दहा दिवसांची. "फोटो दाखवा." दाखवला. "कान तुमच्यावर गेलेत," म्हणाल्या. मग मी कान टोचायचं विचारलं. म्हणाल्या, तपासल्याशिवाय नको, संक्रांतीनंतर घेऊन या.

बुधवारी जाता येणार न्हाई. विचारलंसुद्धा न्हाई मी.

९ डिसेंबर, मंगळ.

सु.ला फोन. तिकडं बारशाची तयारी, भांडी वाजून राहिली होती. म्हणलं, पाणी आलं. लय आलं. मी येऊ शकत न्हाई. "पाणी आलं? लय आलं?" ती म्हणली. मग म्हणली, "उतरलं का थोडं?" न्हाई. "बालाजीभाऊजी हायेत ना सोबत?" हायेत. "मग पाण्याकडं बघा. हिकडची काळजी करू नका." आवाज कोरडा होता. आजूबाजूला माणसं असणार. पण कोरडा होता.

पलीकडच्या खाटेवर परभणीकडचे एक सर आले होते, इंजेक्शनापुरते. त्यांनाबी माझंच, इन्हिबिटरसकट. त्यांना नवं मिळतंय. पोटाच्या कातडीत टोचायचं, पंधरा दिवसाला एकदा. शिर शोधायची भानगड न्हाई. चालत आले, चालत गेले. जिन्यानं. जाताना म्हणाले, "कधी कधी विसरून जातो बघा की मला काही आहे." मी त्यांच्या पायांकडं बघतच राहिलो. सकाळपासून तेच डोक्यात घोळून राहिलंय. विसरून जायचं. असं कसं असंल ते?

मॅडमना विचारलं. माझंबी नाव वर पाठवलंय म्हणाल्या. कधी ते सांगता येत न्हाई.

१० डिसेंबर, बुध.

आज बारसं.

घड्याळ बघायचं न्हाई ठरवलं होतं. बघितलं. आता पाळण्यात घातलं असंल, आता नाव घेतलं असंल कानात. कानाचं काय झालं?

फोन कुणी केला न्हाई. मी केला, कुणी उचलला न्हाई.

१२ डिसेंबर, शुक्र.

गजाननचा फोन आला. "झालं का दाजी पाणी देऊन?"

मला कळंना. म्हणलं, कसलं?

"गव्हाला. आम्हाला सगळं समजलं. ताई फोनवर बोलली ते आबांनी समदं ऐकलं. पाणी आलं, लय आलं, उतरलं का, पाण्याकडं बघा. दाजी, कॅनॉलची पाळी काय दर सालाला येती. पोरीचं बारसं परत येणार हाय का?"

तसं न्हाई म्हणलं, तर तो ऐकंना.

"आबा तर म्हणले, पोरगा असता तर पाणी सोडून पळत आला असता जावई. पोरीचं नावबी नदीचंच ठेवलंत. पाण्याशिवाय दुसरं काही दिसत न्हाई का तुम्हाला?"

सिस्टर तेवढ्यात सुई घेऊन आली. फोन ठेवला. तो म्हणला असंल, पाण्याकडं गेला.

बालाजीला सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला. "कॅनॉल कोरडा पडलाय आन तिकडं तुझ्या नावानं पाणी वाहून राहिलंय." मग त्याला राग आला. "मी आत्ता फोन करून सांगतो." म्हणलं, काय सांगशील? पाणी म्हणजे काय ते सांगायचं झालं तर सगळंच सांगावं लागंल. मग त्यांचा पुढचा सवाल पोरीवरच येणार. त्यानं फोन खिशात ठेवला.

हे आबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो. मामा माणूस वाईट न्हाई. लग्नात मला खुर्ची त्यांनीच आणून दिली होती. त्यांना वाटलं असंल, लेकीला पोरगी झाली म्हणून टाकली. हेच सलतंय. बाकी काही बोलले असते तर चाललं असतं.

१४ डिसेंबर, रवि.

सु.नं गच्चीवरून फोन केला. पहिल्यांदा मोकळं बोलली. म्हणजे आधी रडली.

म्हणाली, सोनार येऊन बसला होता, सुई तापवलेली. गजाननच्या मांडीवर पूर्णाला दिलं. सु. उठून आडवी आली. म्हणली, "थांबा. आमच्या सासरी अशी रीत न्हाई. तिकडं बापाच्या मांडीवर कान टोचतात." सगळ्या बायका बघायला लागल्या. तिच्या आईनं विचारलं, असली कुठली रीत? ही म्हणाली, "त्यांच्यात हाय. पूर्वीपासून हाय. मामाच्या मांडीवर टोचलं तर अपशकुन." सोनार चहा पिऊन गेला.

मला हसावं का रडावं कळंना. आमच्यात कसली रीत, मला माझ्या मामाच्याच मांडीवर टोचलं होतं.

"आन मंग ते पाण्याचं?" म्हणलं. "सांगितलं का?" न्हाई म्हणाली. "आबा धड बोलत न्हाईत माझ्याशी. तुमच्यावर रागावलेत, पण रागावू देत. रीत मात्र त्यांनी मान्य केली. म्हणले, मग सव्वा महिन्यानं मीच पोहोचवायला येतो, बापाच्या मांडीवर टोचून घेऊ माझ्या डोळ्यादेखत." थोडं थांबून म्हणाली, "तुमच्या मांडीवर म्हणाले मी. दुसरं काही सुचलं न्हाई हो."

केवढं प्रेम वाटलं तिचं. आन केवढी फजिती.

२१ डिसेंबर, रवि.

घरी. गुडघा निम्मा उतरला. कुबडी. उजवा पाय आता पूर्वीइतकाबी वाकत न्हाई. मांडी तर लांबच.

दुकान बंद. लिंबाजीकाका मोटार न्यायला आला, म्हणला, "असू दे रं, पाणी कुठं सुटलंय." बसून बिडी ओढून गेला.

सु. रोज पूर्णाचा आवाज ऐकवते. फोन तिच्या तोंडापाशी धरते. कधी रडते, कधी नुसता श्वास. मी इकडून बोलतो. काय बोलतो ते लिहायची लाज वाटते.

२९ डिसेंबर, सोम.

एक महिन्याची झाली. आजून हात लावला न्हाई.

मॅडमचा फोन. नव्या इंजेक्शनाचं काही समजलं असंल म्हणून घाईनं उचलला. न्हाई. गुडघ्याचं विचारायला केला होता. नवं कधी येईल, म्हणलं. "मी मागे लागलेय," म्हणाल्या. लागल्या असणार. त्यांच्या बोलण्यात खोट नसते.

नवं मिळालं तर पहिल्यांदा काय करीन? येष्टीनं नाक्याला जाईन, उभ्यानं. पूर्णाला खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडंनं ढाब्यापर्यंत चालत जाईन आन परत येईन. कुणी विचारलं तर म्हणीन, उगंच फिरून राहिलो.

५ जानेवारी, सोम.

येत्या रविवारी येऊन राहिले. मामा, सु. आन पूर्णा.

माय अंगण सारवून राहिली. बालाजीनं पलंगाला नवी नवार ओढली. मला म्हणला, "भुईला बसायचंच न्हाई. पलंगावर बस, पाय लांब कर, वरून उशी. काय बोलायचं ते मी बोलतो." म्हणलं, आन सोनार? "सोनार मी गावालाच पाठवतो," म्हणला. ह्याच्या डोक्यातबी सगळी रीत सु.सारखीच निघते.

११ जानेवारी, रविवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

दुपारी जेवणाआधी आले. सु. वाळलीय. माझ्याकडं बघितलं, मग कुबडीकडं, मग परत माझ्याकडं. मामा दाराशी चपला काढून खुर्चीवर बसले. राम राम झालं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "कसा हाय गहू?" बालाजी म्हणला, बरा हाय. मामा म्हणाले, "असायचाच. पाणी मिळालं ना वेळेवर."

मायनं चहा ठेवला.

मी पलंगावर, पाय लांब, उशी वर. सु.नं पूर्णाला उशीवर ठेवलं. डोकं माझ्या गुडघ्याकडं, पाय पोटाशी. मला वाटलं होतं जड असंल. रोटरच्या मानानं काहीच न्हाई. डोळे उघडे होते. बघत होती. माझं बोट धरलं तिनं आन मला काही सुचंना झालं, मी नुसता "आली का, आली का" करत राहिलो.

मामा म्हणाले, "मांडी घाला की जावईबापू. लेकराला असं पायावर कुणी घेतं का? आन सोनाराला बोलवा, उरकून घेऊ. तुमची रीत हाय ना."

सु.नं बालाजीकडं बघितलं. तर बालाजी जागेवर नव्हताच, कुणाच्या तरी हाकेला बाहेर गेलेला. कॅनॉलकडून कुणीतरी पळत आलं होतं. आन बालाजीनंच अंगणातून वरडून सांगितलं, "माय, पाणी आलं."

मायच्या हातात चहाची बशी होती. ती तशीच खाली पडली. पळत आली आन माझ्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. दाबून बघितले, उजवा, डावा, परत उजवा. सु.बी तवर वाकली होती, एका हातानं पूर्णाला धरलेलं, दुसरा हात माझ्या कोपरावर. "कुठं? कुठं आलं?" दोघी एकदमच म्हणाल्या.

म्हणलं, "मला न्हाई, माय. कॅनॉलला आलं."

बालाजी दारात उभा. त्यालाबी तवाच कळलं काय झालं ते.

मामा खुर्चीतून अर्धे उठले होते. खाली सांडलेला चहा त्यांच्या पायाकडं वाहून राहिला होता, त्यांनी पाय उचलला न्हाई. मायच्या हातांकडं बघत होते. ती आजून माझे गुडघे धरूनच होती. सोडायचं सुचलं न्हाई तिला.

"कॅनॉलला आज आलं?" मामा म्हणाले.

"व्हय," बालाजी म्हणला. "यंदाचं पहिलंच."

मामा खाली बसले. "मग बारशाला..."

"दवाखान्यात होतो मामा. ह्या गुडघ्यात आलतं. आमी ह्यालाच पाणी म्हणतो. असतं ते रक्त."

सु.नं मला आडवलं न्हाई.

मग मी सगळं सांगितलं. आठ, सात, अंग औषधाला कसं खातं, ते सगळं. मांडीचंबी सांगितलं, आन रोटरचंबी. त्यावर मामांनी तोंड फिरवलं. रीत नसल्याचं सु.नं स्वतःच सांगितलं. मामा ऐकत राहिले. डोळे पुसले न्हाईत, पण उपरणं हातात घेऊन बसले. "आमाला सांगितलं असतं तर काय आमी खाल्लं असतं?" एवढंच म्हणाले, तेबी सु.ला.

मग उठले आन पलंगाच्या कडंला येऊन बसले. पूर्णा झोपली होती. मामांनी वाकून तिच्या कानाकडं बघितलं. बोट पुढं नेलं, पण लावलं न्हाई.

"आन हिला?"

मायनं माझ्याकडं बघितलं. सु. खाली बघत होती.

म्हणलं, "संक्रांतीनंतर न्यायचंय तपासायला. माहीत न्हाई मामा आजून."

"मी येतो संगट," मामा म्हणाले.

बालाजी पाण्याला गेला. माय चहा पुसायला लागली. पूर्णा तशीच होती पायावर. पायाला मुंग्या आल्या होत्या, ठणकतबी होतं थोडं. सु. म्हणाली, "द्या इकडं, पाय अवघडला असंल." म्हणलं, राहू दे थोडा वेळ.